पाण्यात तेल नसताना रोबो तेल दाखवतो तेव्हा

लक्षण असं असतं. टाकीत स्वच्छ पाणी आहे, तेलाचा थेंबही कुठे नाही, आणि तेलगळती शोधणारा रोबो पाण्यात उतरवला की पडद्यावरचा तेलाचा आकडा हळूहळू चढायला लागतो. तुम्ही शून्य करता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलेला. पुन्हा शून्य करता. आठवड्याभरानं खरंच तेल मिसळलेलं पाणी समोर धरावं तर रोबो गप्प. रोज शून्य थोडं थोडं वर सरकवून तुम्हीच त्याला बहिरं करून ठेवलेलं असतं.

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये आम्ही चौघं समुद्रातली तेलगळती शोधणाऱ्या छोट्या रोबोंच्या चाचण्या करतो. खंभातचं आखात नकाशावर जवळ दिसतं, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि पाणी गाळानं गढूळ असतं. तीस किलोचा रोबो घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जाण्यात अर्थ नाही. त्यामुळे आमचं बहुतेक काम सात हजार लिटरच्या गोल टाकीतच होतं. वरचा त्रास आम्ही पाच महिने सोसला. हल्ली दोन कॉलेजांतल्या मुलांनी याच तक्रारीसाठी फोन केला आणि दोघांनीही नवा सेन्सर मागवायची तयारी केली होती. तो महाग असतो, यायला वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा जुना ठणठणीतच असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी सेन्सर काय मोजतो ते

छोट्या रोबोंवर बसवतात ते सेन्सर तेल ओळखत नाहीत. ते पाण्यात अतिनील प्रकाश टाकतात आणि परत येणारी निळसर चमक मोजतात. पुस्तकात तिला प्रतिदीप्ती म्हणतात. कच्च्या तेलात बेंझिनची कडी एकमेकींना जोडून झालेली संयुगं असतात. त्यांच्यावर साधारण ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की ती ४००च्या पुढच्या तरंगलांबीला चमकतात. डिझेल किंवा पेट्रोलसाठी वेगळा सेन्सर लागतो. त्याचा प्रकाश २५५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि तो चमक ३५०च्या आसपास बघतो. कच्च्या तेलाचा सेन्सर बसवून डिझेलवर तपासणी केली आणि ‘काहीच दिसत नाही’ म्हणून तो खोलून बसलेले लोक मी पाहिले आहेत. तुमच्याकडचा सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते माहितीपत्रकात आधी बघा.

तर, हा सेन्सर चमक मोजतो, आणि ३६५च्या प्रकाशात चमकणाऱ्या वस्तूंनी तुमची शेड भरलेली आहे. पांढरा कागद, पांढरा शर्ट, पेट्रोलियम जेली, पानं कुजून पाण्याला येणारा पिवळसर अंश, टॉनिक वॉटरमधलं क्विनिन. या सगळ्यांना तो तेलच समजतो. पुढचं सगळं त्यातून येतं.

शून्य करायचं थांबवा, बादली आणा

आकडा चढलेला दिसला की हात पहिल्यांदा शून्याच्या बटणाकडे जातो. तो आवरा. चढलेला आकडा हाच तुमचा पुरावा आहे.

स्टीलची खोल बादली घ्या. प्लास्टिकची नको, कारण पांढऱ्या प्लास्टिकमध्येही चमक आणणारी द्रव्यं असू शकतात. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर तीत भरा. सेन्सर रोबोवरून सोडवा, केबल तशीच ठेवा, आणि काच तळापासून वीतभर वर राहील असा तो पाण्यात धरून दहा मिनिटं नोंद घ्या. आकडा इथेच जास्त असेल तर दोष काचेवर आहे, बोटाचा ठसा किंवा हिरवट शेवाळाचा थर. लेन्स पुसायच्या कपड्यानं, उत्पादकाची परवानगी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. घरातलं जुनं धुवट फडकं वापरू नका. ते का नको, ते पुढे येईल.

इथे आकडा ठीक असेल तर बादली रिकामी करून त्याच टाकीचं पाणी भरा आणि पुन्हा बघा. चढला तर दोष पाण्यात आहे.

तिसरी चाचणी माझी आवडती. रोबो टाकीत सोडा, सेन्सर मात्र बाजूच्या बादलीतच ठेवा, केबल जोडलेली, आणि मोटरी सुरू करा. मोटरींचा वेग वाढवल्याबरोबर बादलीतल्या सेन्सरचा आकडा हलला तर पाण्याचा काहीही संबंध नाही. मोटरींच्या तारांमधला विजेचा गोंगाट सेन्सरच्या तारेत शिरतोय. सेन्सरला वेगळा वीजपुरवठा द्या, त्याच्या तारा पीळ घालून मोटरीच्या तारांपासून लांब न्या, ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा. आमचा अर्धा त्रास इतक्यानं गेला.

मग सेन्सर परत रोबोवर बसवा आणि मोटरी बंद ठेवून अर्धा तास नुसता पाण्यात ठेवा. या अर्ध्या तासात आकडा हळूहळू चढत गेला तर रोबोच काहीतरी सोडतोय.

सोमवारचं तेल

आमचा उरलेला अर्धा त्रास यातल्या दुसऱ्या चाचणीत सापडला, पण कळायला वेळ लागला. वहीतल्या नोंदी वार लावून पुन्हा लिहिल्या तेव्हा दिसलं की आकडा सोमवारी सगळ्यात वर असतो आणि शुक्रवारपर्यंत उतरत जातो. तेलाला वार कळत नाहीत. मग शनिवारी काय होतं ते आठवलं: टाकी रिकामी करून धुतली जाते.

धुणाऱ्या ताईंना विचारलं, “ताई, टाकी कशानं धुता?”

“कपड्याच्या पावडरनंच, दादा. हिरवं धरतं ना कडेला. मी तीन वेळा पाणी मारते.”

त्यांनी काम चोखच केलं होतं. त्यांना काही सांगायला हवं होतं ते आमच्याकडून राहिलं होतं. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारं द्रव्य घालतात, त्याला ऑप्टिकल ब्राइटनर म्हणतात. ते अतिनील प्रकाश शोषतं आणि निळा प्रकाश सोडतं, म्हणून शर्ट पिवळट न दिसता पांढराशुभ्र दिसतो. आमच्या सेन्सरला हवी असते नेमकी तीच निळी चमक. तीन वेळा पाणी मारून डोळ्यांना फेस दिसत नाही, पण भिंतींना चिकटून राहिलेला अंश सेन्सरला पुरतो. जुनं धुवट फडकं का नको, याचं उत्तर हेच: ते वर्षानुवर्षं त्याच पावडरीत धुतलेलं असतं.

आठवड्यात आकडा उतरायचा तो उन्हामुळे. ब्राइटनर उन्हात लवकर विरतं. हाच गुण ओळखीसाठी वापरता येतो. संशयित पाणी काचेच्या दोन बाटल्यांत भरा, एकीला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवा. काही तासांनी दोन्ही गार करून एकाच तापमानाला मोजा. उघड्या बाटलीचा आकडा स्पष्ट पडला असेल तर साबणाच्या पावडरीचा संशय घ्या. पानापाचोळ्याचा पिवळसर अंश इतक्या लवकर उतरत नाही. सांडपाणी नदीत कुठे मिसळतंय हे शोधायला पाणी तपासणारे लोक ब्राइटनरची हीच चमक वापरतात. त्यामुळे शहराजवळच्या तळ्यात किंवा खाडीत चाचणी घ्याल तर हे द्रव्य तिथे आधीपासून असणार, हे धरून चला.

आता टाकी नुसत्या पाण्यानं आणि नायलॉनच्या ब्रशनं घासली जाते. हिरवं धरू नये म्हणून वर काळी ताडपत्री असते. ताईंनी सुचवल्याप्रमाणे टाकीची बादली आणि ब्रश वेगळ्या खुंटीवर असतात, दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरत नाहीत.

रोबोचं स्वतःचं तेल

चौथ्या चाचणीत आकडा चढला तर ३६५ नॅनोमीटरची हातात धरायची टॉर्च आणा, अतिनील प्रकाश अडवणारा चष्मा लावा, शेडचे दिवे बंद करा आणि रोबोवर ती फिरवा. टॉर्चकडे सरळ बघू नका. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा झाकणाच्या रबरी रिंगभोवती निळं कडं उजळलं. कुणीतरी सिलिकॉन ग्रीस संपलं म्हणून पेट्रोलियम जेली लावली होती. सिलिकॉनच्या डबीवर तेव्हापासून लाल चिकटपट्टी आहे आणि दुसरी डबी कपाटात कायम असते.

मोटरींच्या आत तेल भरलेलं असेल तर दांड्याच्या सीलजवळ खास बघा. ज्या मोटरी पाण्यावरच वंगण घेतात त्यांना हा त्रास नाही, पण त्या कोरड्या फार वेळ चालवू नयेत. सेन्सर शक्य तेवढा पुढे, मोटरींच्या झोतापासून दूर बसवा. आमचा पोटाखाली होता. मागे हटताना रोबो स्वतःच सोडलेलं पाणी पुन्हा हुंगत होता.

टॉनिक वॉटर आणि मीठ

सेन्सर जिवंत आहे का हे पटकन बघायला टॉनिक वॉटरचे काही थेंब फार सोयीचे. त्यातलं क्विनिन अतिनील प्रकाशात झकास निळं चमकतं. आम्ही गोड्या पाण्यात किती थेंबांना किती आकडा येतो याचा तक्ता केला आणि समुद्रासारखं पाणी करायला टाकीत मीठ घातलं. एक लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं सात हजार लिटरला जवळजवळ अडीचशे किलो मीठ लागतं. त्यानंतर तेवढेच थेंब, आणि आकडा कोसळला. सेन्सर बिघडला म्हणून एक दिवस रडारड झाली.

सेन्सरला काही झालं नव्हतं. मिठातला क्लोराइड क्विनिनची चमक मारतो. ही रसायनशास्त्राच्या वर्गात दाखवतात इतकी जुनी गोष्ट आहे, पण आमच्यातल्या कुणाला ती त्या क्षणी आठवली नाही. तेव्हा टॉनिक वॉटर फक्त डिस्टिल्ड पाण्यात वापरा, आणि तेही ‘चालू आहे की नाही’ एवढ्यापुरतं. कच्च्या तेलाच्या सेन्सरसाठी पीटीएसए नावाचं चमकणारं रसायन प्रयोगशाळेच्या दुकानात मिळतं. तक्ता त्यावर करा. त्याचा आकडा म्हणजे तेलाचं प्रमाण नव्हे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हलकं आणि जड कच्चं तेल एकाच मात्रेला वेगवेगळं चमकतं.

मिठाबद्दल आणखी थोडं. आमच्याकडे कच्छ-खारघोड्याचं खडे मीठ स्वस्त मिळतं, पण त्यात माती येते. आधी पिंपात विरघळवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी घ्या. बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं द्रव्य पाणी किंचित धुरकट करतं. आणि खाऱ्या पाण्यात रोबो वर उचलला जातो. वीस लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या रोबोला साधारण अर्धा किलो शिसं जास्त लावावं लागतं. हे टाकीतच लावून बघा. होडीवर वजनं शोधत बसलात तर दिवस जातो.

फेस, ऊन, पाऊस

आकडा हळूहळू चढत नसेल, एकदम टोकं मारत असेल, तर बुडबुडे. नळाचं पाणी तापलं की त्यातली हवा काचेवर मोत्यांसारखी बसते. पाणी रात्रभर ठेवा आणि काच खाली तोंड करून बसवू नका, आडवी बसवा. बुडबुडे तेलासारखे दिसतात ही एरवी डोकेदुखी आहे, पण कॅनडातल्या मेमोरियल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती उलटी वापरली. समुद्रात तेल सोडता येत नाही म्हणून ध्वनीवर चालणाऱ्या सेन्सरांच्या चाचणीत त्यांनी तेलाच्या थेंबांऐवजी सूक्ष्म बुडबुडे सोडले.

दुपारी बारा ते तीनमध्येच त्रास होत असेल तर ताडपत्री ओढून बघा. लगेच थांबला तर ऊन. ताडपत्रीनंही फरक पडला नाही तर तापमान. पाणी तापलं की चमक कमी होते, आणि मे महिन्यात आमची टाकी सकाळ ते दुपार ओळखू येत नाही इतकी बदलते. एकाच द्रावणाचं पातेलं बर्फात बसवून, मग खोलीत, मग उन्हात मोजा, म्हणजे तापमानानुसार आकडा किती दुरुस्त करायचा ते तुम्हालाच काढता येईल.

वडोदऱ्यातल्यांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे काही भागांत आजव्याच्या तलावाचं पाणी येतं, काही भागांत महीच्या काठच्या विहिरींचं. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर टाकी भरली की आकडा वर गेलेला असतो, कारण पाणलोटातला पालापाचोळा धुऊन येतो. पाणी कुठलं आणि कोणत्या तारखेचं, हे प्रत्येक भरणीला लिहा.

गाळ

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गुजरातच्या किनाऱ्यावर तो टाळता येत नाही. थोडा गाळ असला की अतिनील प्रकाश कणांवर विखरून सेन्सरच्या गाळणीतून थोडा आत शिरतो आणि आकडा वाढतो. गाळ फार झाला की प्रकाश लांब जातच नाही आणि आकडा पडतो. म्हणजे एकच गाळ कधी खोटं तेल दाखवतो, कधी खरं तेल लपवतो. गढूळपणा मोजणारा दुसरा सेन्सर शेजारी नसेल तर या दोन्हींत फरक करायला काही मार्ग नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या किनाऱ्यासाठी बनवलेल्या रोबोवर तो नसेल तर चाचणीच घेऊ नये.

टाकीत गाळ करायला आम्ही किराणा दुकानातली मुलतानी माती वापरली. गढूळपणाच्या तक्त्यासाठी ती ठीक आहे. तेलाबरोबर मात्र घालू नका, ती तेल शोषून घेते आणि तळाशी जाते. अर्थात समुद्रातही असं होतं. गढूळ किनाऱ्यावर तेल मातीच्या कणांना चिकटून खाली बसतं आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की तवंग गेला. रोबो पाठवायचा तो यासाठीच.

आणि तेल असूनही दिसत नसेल तर

सेन्सर काचेपुढचं जेमतेम बोटभर पाणी बघतो. वर तरंगणारा तवंग त्याला दिसणार नाही, त्याला पाण्यात मिसळलेलं तेल लागतं. त्यासाठी काचेच्या भांड्यात खारट पाण्यावर थोडंसं कच्चं तेल घालून, अंधारात, भोवरा तेलापर्यंत पोचणार नाही इतक्या हळू १८ ते २४ तास ढवळायचं, काही तास निवळू द्यायचं आणि तळातून पाणी काढायचं. असं पाणी लिटरभर पुरतं. टाकीत तेल कधीच टाकू नका. वापरलेलं पाणी बंद कॅनमध्ये साठवून परवानाधारक माणसाकडेच द्या. इथली गटारं शेवटी विश्वामित्रीकडे जातात आणि तिथे मगरी राहतात. टाकीभर चाचणी हवी असेल तर ऱ्होडामाइन रंग घ्या, पण त्याला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचा सेन्सर लागतो, अतिनीलचा नाही.

एका सेन्सरवर विश्वास ठेवू नये हे २०१०च्या मेक्सिकोच्या आखातातल्या दुर्घटनेनं चांगलं दाखवलं. विहीर जवळजवळ दीड किलोमीटर खोलीवर फुटली होती. जूनमध्ये ‘सेंट्री’ नावाच्या स्वयंचलित रोबोनं पाण्याखालीच चालणारा मास स्पेक्ट्रोमीटर घेऊन सुमारे ११०० मीटर खोलीवरचा, ३५ किलोमीटरहून लांब पसरलेला तेलाच्या घटकांचा पट्टा शोधला. वरून तो दिसणं शक्यच नव्हतं. मास स्पेक्ट्रोमीटर रेणू वजनावरून ओळखतो, चमकेवरून नाही, म्हणून साबण त्याला फसवत नाही. आपल्याला तो परवडणार नाही. पण तेल आणि इंधन असे दोन वेगळ्या प्रकाशाचे सेन्सर, गढूळपणा, आणि हरित द्रव्याचा सेन्सर एवढं जवळ असेल तर चौघांपैकी कोण एकटा बोलतोय ते कळतं. हरित द्रव्य आणि ‘तेल’ बरोबरीनं चढत असतील तर आधी शेवाळाचा विचार करा.

समुद्रावर

कच्छच्या आखातात वाडीनारजवळ टँकर खोल पाण्यातच नांगरून कच्चं तेल उतरवतात, आणि त्याच आखातात १९८२ सालापासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळ आणि खारफुटी असलेलं. अशा ठिकाणी खोटी सूचना दिली तर तटरक्षक दलाच्या बोटी नाहक धावतात, आणि तिसऱ्यांदा तुमच्या रोबोचं कोणी ऐकत नाही. चुकलेली सूचना तर त्याहून वाईट.

म्हणून होडीवर स्टीलची तीच बादली न्या. रोबो उतरवण्याआधी तिथलं समुद्राचं पाणी होडीच्या इंजिनापासून लांबच्या बाजूनं भरा, कारण इंजिनाजवळच्या पाण्यात त्याचं तेल असतं. सेन्सर त्यात दहा मिनिटं धरा आणि आकडा, वेळ, तापमान लिहा. बादली झाकून सावलीत ठेवा. रोबो वर आला की काच न पुसता तोच सेन्सर त्याच पाण्यात पुन्हा धरा. आकडे जुळले नाहीत तर दरम्यानच्या फेरीत काच मळली किंवा सेन्सरचं शून्य सरकलं, आणि त्या फेरीतली प्रत्येक नोंद संशयित समजून वेगळ्या रंगात ठेवा. नकाशावर लाल ठिपका लावायचा तो दोन्ही आकडे जुळलेल्या फेरीतलाच.